‘म्हातारपण’ हे रोगाचे नाव नव्हे

“वय झाले, आता चालायचेच!” हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो. एके काळी बहुतेक डॉक्टरही असेच म्हणत. ही समजूत मोडली ती एखाद्या नव्या औषधामुळे नव्हे. शिकलेल्या माणसांना पुन्हा शिकावे लागले, म्हणून ती मोडली. शिक्षकांना हा इतिहास जवळचा वाटावा.

१९०९ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर इग्नाट्झ नाशर यांनी ‘जेरियाट्रिक्स’ हा शब्द तयार केला. ग्रीक भाषेत ‘गेरास’ म्हणजे म्हातारपण आणि ‘इआत्रोस’ म्हणजे वैद्य. आपण त्याला जरावैद्यक म्हणू. बालकांसाठी वेगळे वैद्यक असते, तर वृद्धांसाठी का नको, असा नाशर यांचा मुद्दा होता. १९१४ साली त्यांनी या विषयावर ग्रंथही लिहिला. शब्द मिळाला, पण रुग्णालयातील खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्यांचे दिवस मात्र पालटले नाहीत.

ते पालटले १९३५ नंतर, लंडनच्या पश्चिमेकडील आयझलवर्थ येथे. तेथील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारचे गरिबांसाठीचे जुने रुग्णालय सोपवण्यात आले. डॉ. मार्जोरी वॉरेन यांच्या वाट्याला एकदम ७१४ खाटा आल्या. पक्षाघात झालेले, सांधे आखडलेले, भ्रमिष्ट असे सारे एकत्र होते. बरेचसे वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले. त्यांना नेमके काय झाले आहे, याची धड तपासणीच झालेली नव्हती.

वॉरेन यांनी प्रत्येकाला तपासले आणि गरजेप्रमाणे गट पाडले. भिंतींना उजळ रंग दिला, धरून चालण्यासाठी कठडे बसवले, सोयीच्या खुर्च्या आणल्या आणि रुग्णांना उठवले. कित्येक जण चालू लागले, काही तर घरी गेले. खाटा रिकाम्या झाल्या!

हे कसे घडले? शरीर न वापरल्यास स्नायू बारीक होतात, सांधे आखडतात, हाडांतील कॅल्शियम घटते, पाठीला शय्याव्रण होतात. म्हणजे दुबळेपणाचा बराचसा भाग वयाने नव्हे, अंथरुणाने आणलेला होता. १९४७ साली रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरांनी अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर लेख लिहून हेच बजावले.

वॉरेन तेवढ्यावर थांबल्या नाहीत. १९४३ आणि १९४६ साली त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांत लेख लिहिले. वृद्धांचे विभाग सर्वसाधारण रुग्णालयातच हवेत, आणि विद्यार्थी व परिचारिका यांना त्याचे शिक्षण मिळायला हवे, असा त्यांचा आग्रह होता.

पुरावा पुढे आकड्यांतही मिळाला. १९८४ साली लॉरेन्स रुबेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वृद्ध रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले होते. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्याची डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक अशा चमूने सर्वांगीण पाहणी करून काळजी घेतली. वर्षभरात पहिल्या गटातील शंभरी ४८ रुग्ण दगावले, दुसऱ्यातील सुमारे २४.

आपल्याकडे मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ साली या विषयाचा एम.डी. अभ्यासक्रम सुरू झाला. अमेरिकेत २०१७ पासून रुग्णालयांना चार गोष्टी पाहायला शिकवले जात आहे: औषधे, मन व स्मृती, हालचाल आणि सर्वांत आधी, “तुम्हाला स्वतःला काय महत्त्वाचे वाटते?” एखाद्या आजीला रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा स्वतःच्या पायांनी अंगणात जाणे मोलाचे वाटत असेल, तर उपचारही तेथूनच ठरवायला हवेत.

आपल्या विद्यार्थ्यांना एक काम सांगता येईल. घरातील आजी-आजोबांना हाच प्रश्न विचारावा आणि मिळालेले उत्तर वहीत लिहून आणावे. ‘वय झाले’ या दोन शब्दांमागे किती वेगवेगळी माणसे दडलेली असतात, ते वर्गातच दिसेल.