परीक्षेच्या दिवसाचें मोल

इंग्लंडच्या सरकारनें शाळांस मदत देण्यास १८३३ सालीं आरंभ केला, तेव्हां ती रक्कम अवघी २०,००० पौंड होती. १८६१ पर्यंत ती आठ लाखांवर गेली. एवढा पैसा खर्चून मुलें शिकतात तरी काय, असा प्रश्न उठला, आणि तो रास्तच होता. न्यूकॅसल कमिशनच्या १८६१ च्या अहवालांत तर बहुतेक मुलांचा वाचन, लेखन व गणित यांतला पायाच कच्चा असल्याचें दिसून आलें.

शिक्षणखात्याचीं सूत्रें त्या वेळीं रॉबर्ट लो यांच्या हातीं होतीं. त्यांनीं १८६२ सालीं नवे नियम केले. हजेरीबद्दल दर मुलामागें शाळेस ४ शिलिंग. आणि सहा वर्षांवरील मूल इन्स्पेक्टरसाहेबांपुढें तिन्ही विषयांत उतरलें, तर आणखी ८ शिलिंग. एक विषय गेला कीं २ शिलिंग ८ पेन्स कमी!

याचा कांहीं लाभ झाला, हें नाकारतां येत नाहीं. हजेरीकडे लक्ष गेलें. मागें पडलेल्या मुलाची विचारपूस होऊं लागली. परंतु शिक्षकाची भाकरी वर्षांतील एका दिवसावर टांगली गेली. इतिहास-भूगोल बाजूस पडले. हुशार मुलाकडे पाहण्यास सवड उरली नाहीं, आणि मुलें क्रमिक पुस्तक तोंडपाठ करूं लागलीं. वाचतां न येणारें मूलही अशा रीतीनें वाचनांत पास होऊं शकतें, असा इशारा कवि व शाळा-इन्स्पेक्टर मॅथ्यू आर्नोल्ड यांनीं आपल्या अहवालांत दिला. तरीही त्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत ही पद्धत टिकून राहिली.

निकालावर पैसा देण्याची ही रीत हिंदुस्थानांतही आली. १८८२ सालीं हंटर कमिशन बसलें, तेव्हां महात्मा जोतीराव फुले यांनीं त्यापुढें आपलें निवेदन ठेवलें. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षांतून एकदां येऊन गेल्यानें फारसें कांहीं साधत नाहीं. तपासणी निदान दर तीन महिन्यांनीं व्हावी, शिवाय आगाऊ वर्दी न देतांही व्हावी, असें त्यांनीं सुचविलें. शिक्षकास दरमहा १२ रुपयांहून कमी पगार नसावा, हेंही त्यांचें मागणें होतें. पुढें १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावांत सरकारनेंही निकालावर पैसा देण्याची पद्धत मागें सारली.

तपासणीच नको, असें या इतिहासावरून कोणीं समजूं नये. लोकांचा पैसा जेथें जातो, तेथें हिशेब मागितलाच पाहिजे. मात्र तो हिशेब एका दिवसाचा मागितला, कीं शाळा त्या एका दिवसापुरतीच शिकविते.