खनिजपूरक गोळ्या आणि नियमित औषधे : घ्यावयाची काळजी

कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, जस्त, पोटॅशियम ही खनिजे शरीरास आवश्यक आहेत. त्यांतील बहुतेकांच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचूनही मिळतात. त्यामुळे पुष्कळजण त्यांना औषध मानीत नाहीत आणि डॉक्टरांस त्याविषयी सांगतही नाहीत. परंतु रोजच्या औषधांशी त्यांचा विरोध मुख्यतः दोन प्रकारे येतो. त्यांतील भेद वाचकांच्या ध्यानी यावा, यासाठी पुढील माहिती आम्ही देत आहोत.

पहिला प्रकार पोटातला. काही औषधे आतड्यात खनिजांशी बांधली जातात व रक्तात पुरेशी शोषली जात नाहीत. थायरॉइडसाठी दिली जाणारी थायरॉक्सिनची गोळी हे नेहमीचे उदाहरण. तिच्याबरोबरच कॅल्शियम वा लोह घेतल्यास गुण कमी येतो, तपासणीत टीएसएच वाढलेले दिसते आणि खरे कारण न कळल्यास मात्रा विनाकारण वाढविली जाते. या दोहोंत ४ तासांचे अंतर असावे. डॉक्सिसायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांचेही असेच आहे; सिप्रोफ्लॉक्सासिन खनिजाच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावे. आम्लपित्तावरील अनेक औषधांत मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम असते, त्यांनाही हाच नियम लागू होतो. हाडांच्या ठिसूळपणावरील ॲलेंड्रोनेट सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावे. त्यानंतर किमान ३० मिनिटे दुसरे काही घेऊ नये व आडवेही होऊ नये.

दुसरा प्रकार रक्तातला. तेथे वेळेचे अंतर ठेवून भागत नाही. रक्तदाबावरील एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन, तसेच स्पायरोनोलॅक्टोन ही औषधे शरीरातील पोटॅशियम राखून ठेवतात. त्यांत बाहेरून पोटॅशियमची भर पडल्यास, विशेषतः मूत्रपिंड दुर्बल असल्यास, हृदयाचे ठोके अनियमित होऊन जीवास धोका संभवतो. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. रक्तदाबाच्या रुग्णाने हितकर समजून आणलेले हे मीठ त्यासच अपायकारक ठरू शकते.

सबब, घरातील प्रत्येकाच्या सर्व गोळ्यांची, पूरक गोळ्या व मीठ यांसह, वेळा लिहून यादी करावी आणि ती डॉक्टरांस दाखवावी. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र हा लेख वाचून स्वतःच्या मनाने बंद करू नये, ही आमची नम्र विनंती आहे.