चिरुटाची पारख

चिरूट जितका काळा तितका तो कडक, असा समज जगभर रूढ आहे. दुकानांत पेटी उघडून दाखविली कीं सौम्य चिरूट हवा असणारें गिऱ्हाईक फिक्या रंगाकडे बोट दाखवितें आणि आपण पारख केली असें समजून समाधानानें घरीं जातें. पण ही पारख खोटी आहे. डोळ्यांना दिसतो तो वरच्या वेष्टनाचा रंग. कडकपणा असतो तो आंत गुंडाळलेल्या पानांत. शिवाय कडकपणा निराळा आणि चवीचा भरदारपणा निराळा. पहिला घशाला व डोक्याला जाणवतो, दुसरा जिभेला व नाकाला. उंची चिरुटाची कीर्ति हीं दोन्हीं एकत्र साधण्यावर उभी आहे. हें साधलें कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाभोंवतीं क्यूबा बेटाचा तीन शतकांचा इतिहास फिरत राहिला आहे.

'चिरूट' हा शब्द मूळचा तमिळ. 'शुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. त्रिचनापल्लीचे चिरूट एके काळीं इंग्रजी साम्राज्यांत नांवाजलेले होते. पण उंची चिरूट म्हटला कीं साऱ्यांची नजर वळते ती हॅव्हानाकडे. इ. स. १४९२ च्या नोव्हेंबरांत कोलंबसानें रोद्रिगो दे हेरेस व लुईस दे तोर्रेस या दोघांना क्यूबाच्या अंतर्भागांत धाडलें. पूर्वेकडील खानाचा दरबार शोधावयास निघालेल्या या दूतांना दरबार कांहीं सांपडला नाहीं; पेटलेल्या पानांच्या गुंडाळ्या हातीं धरून त्यांचा धूर ओढणारीं माणसें मात्र दिसलीं.

पुढें हेंच पान स्पेनच्या तिजोरीचें साधन झालें. १७१७ सालीं राजानें क्यूबाच्या तंबाखूवर मक्तेदारी बसविली. शेतकऱ्यानें माल सरकारी वखारींतच घालावा आणि त्याची किंमत वखारीनें ठरवावी, असा कायदा झाला. ज्यानें पान वाढविलें त्याला त्याच्या गुणाविषयीं बोलण्याचा हक्क उरला नाहीं. शेतकऱ्यांनीं तीन वेळां बंड केलें. १७२३ च्या तिसऱ्या बंडांत पकडलेल्यांना हॅव्हानाजवळ हेसूस देल मोन्ते येथें देहान्त शिक्षा देण्यांत आली. ही मक्तेदारी उठण्यास १८१७ साल उजाडावें लागलें. त्यानंतर हॅव्हानांत कारखान्यांची रांग उभी राहिली. १८४४ मध्यें 'एच. उपमन' व १८४५ मध्यें 'पार्तागास' हीं नांवें पुढें आलीं आणि चिरुटाच्या कमरेला कागदी पट्टा व पेटीवर रंगीत चित्र चढलें.

पट्ट्याच्या आंतील गुण मात्र शेतांतच ठरतो. क्यूबाच्या पश्चिमेस पिनार देल रिओ प्रांतांत वुएल्ता आबाहो नांवाचा भाग आहे. सर्वोत्तम पान तेथलें मानतात. रोप फुलावर आलें कीं शेंडा खुडतात. त्यामुळें सारा जोम पानांत उतरतो आणि निकोटिनचें प्रमाणहि वाढतें. मग पानें एकदम न तोडतां खालून वर, दोन-दोन तीन-तीन करून, कांहीं दिवसांच्या अंतरानें काढतात. तळचें पान सौम्य असतें, पण नीट जळतें. त्याला 'वोलादो' म्हणतात. मधलें 'सेको' सुगंधासाठीं. शेंड्याकडचें 'लिगेरो' सर्वांत अधिक ऊन खाल्लेलें, जाड, तेलकट आणि कडक. मौजेची गोष्ट अशी, कीं 'लिगेरो' या स्पॅनिश शब्दाचा अर्थ 'हलका' असा होतो! ज्या पानांचें वेष्टन व्हावयाचें तीं मात्र निराळ्या शेतांत, पातळ कापडाच्या मांडवाखालीं वाढवितात, म्हणजे तीं नाजूक व गुळगुळीत राहतात. वेष्टनाच्या रंगावरून कडकपणा कां ओळखतां येत नाहीं, याचें उत्तर या दोन शेतांतच आहे.

वाळलेलें पान लगेच ओढण्याजोगें नसतें. त्याच्या राशी रचून तीं आंबवितात. राशीच्या पोटांत ऊब वाढते, अमोनियाचा उग्र दर्प बाहेर पडतो, आणि ऊब फार झाली कीं रास मोडून पुन्हा रचावी लागते. लिगेरोला हें मुरणें सर्वांत जास्त लागतें; वर्षांमागून वर्षें गेल्यावर त्याचा तिखटपणा निवून त्यांतून भाजलेली कॉफी, कोको, मिरीं, ओली माती यांची आठवण करून देणारी चव उतरते. कच्चें लिगेरो नुसतें कडक असतें. मुरलेलें लिगेरो भरदार असतें. या दोहोंमधील अंतर घाईनें भरून निघत नाहीं.

नंतर पान कारागिराच्या हातीं येतें. एक लांकडी फळी, 'चावेता' नांवाचें बिनमुठीचें पोलादी पातें आणि थोडा वनस्पतिजन्य डिंक, एवढींच त्याचीं हत्यारें. लिगेरो हळू जळतें म्हणून तें मधोमध ठेवावयाचें. बाजूला सरकलें तर चिरूट एकांगी जळतो. गुंडाळी घट्ट झाली तर धूर येत नाहीं, सैल झाली तर तो भसाभस येऊन तोंड पोळतें. हें सारें बोटांनीं जोखावयाचें. त्यापुढें रंग निवडणारे बसतात. ते साठांहून अधिक छटा ओळखतात आणि एका पेटींतील चिरूट डावीकडे गडद व उजवीकडे फिका अशा क्रमानें लावतात. गिऱ्हाईक कडकपणाची खूण समजतें ती रांग केवळ शोभेसाठीं असते.

खरी परीक्षा कारखान्याच्या चाखणाऱ्यांची. ते सकाळीं, जीभ ताजी असतांना, बसतात. चिरुटाचा पहिला थोडासा भाग ओढून धुराची ओढ, जळण्याची रीत, सुगंध, चव व कडकपणा यांची निरनिराळी नोंद करतात आणि दोन चिरुटांमध्यें बिनसाखरेच्या चहानें तोंड साफ करतात. 'बोलिवार' व 'पार्तागास' कडक गणले जातात, 'ओयो दे मोन्तेरे' सौम्य. पण प्रत्येकाला त्याच्या जातीप्रमाणें जोखावयाचें असतें. सौम्य चिरूट कडक निघाला तर तोहि दोषच.

अशी बारीक पारख करणारीं माणसें अडाणी राहणें पसंत करतील, हें संभवनीय नव्हतें. १८६५ च्या डिसेंबरांत हॅव्हानाच्या 'एल फिगारो' कारखान्यांत एक नवीन प्रथा सुरू झाली. हात कामांत असले तरी कान मोकळे असतात, हें ओळखून कामगारांनीं आपल्यांतीलच एकाला मोठ्यानें वाचावयास बसविलें आणि त्याची बुडालेली मजुरी आपल्या पदरची भरून दिली. सकाळीं वर्तमानपत्रें, दुपारीं कादंबऱ्या. कोणतें पुस्तक घ्यावयाचें तें बहुमतानें ठरे. वाचन आवडलें कीं शेंकडों पातीं फळ्यांवर एकदम खणखणत. पुढें १९३५ मध्यें निघालेल्या 'मोन्तेक्रिस्तो' चिरुटाचें नांव द्यूमाच्या कादंबरीवरून पडलें, तें या श्रोत्यांच्या आवडीमुळेंच, असें सांगतात. पानाची पारख करणारे आतां विचारांची पारख करूं लागले. सरकारला हें रुचलें नाहीं. १८६६ मध्येंच वाचनावर बंदी आली.

१८६८ मध्यें स्वातंत्र्ययुद्ध पेटलें आणि पुष्कळ कारागीर समुद्र ओलांडून फ्लॉरिडांत गेले. की वेस्ट व टँपा येथें त्यांनीं वाचकाचें उंच आसन पुन्हा मांडलें. १८९१ मध्यें होसे मार्ती टँपाला आला तेव्हां त्याला असा श्रोतृवर्ग मिळाला, जो पांव शतक रोज ऐकत व वाद करीत आला होता. या मजुरांनीं आपल्या कमाईंतून लढ्यासाठीं पैसा दिला. १८९५ च्या उठावाचा हुकूम चिरुटांत गुंडाळून क्यूबांत पोंचविला, अशी आख्यायिका आहे.

टँपाच्या मालकांनीं १९३१ सालीं वाचकांचीं आसनें काढून टाकलीं. कामगारांनीं संप केला, पण आसन परत आलें नाहीं. त्या जागीं पुढें रेडिओ आला. वाचकाला कामगार निवडीत, पगार देत, नको तें पुस्तक बंद करावयास लावीत. रेडिओपुढें त्यांना फक्त ऐकावयाचें राहिलें. क्यूबांत मात्र वाचक टिकला. २०१२ मध्यें त्या देशानें ही प्रथा आपला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून घोषित केली.

क्यूबांतील क्रांतीनंतर १९६० मध्यें कारखाने सरकारच्या ताब्यांत गेले आणि १९६२ च्या फेब्रुवारींत अमेरिकेनें क्यूबाच्या मालास बंदी केली. बंदीच्या हुकुमावर सही करण्यापूर्वीं अध्यक्ष केनेडी यांनीं आपल्याकडून बाराशे चिरूट आणवून घेतले, असें त्यांचे सहकारी पिएर सॅलिंजर यांनीं पुढें लिहून ठेवलें. ज्यांना देश सोडावा लागला ते शेतकरी व कारखानदार तंबाखूचें बीं आणि हातांतली विद्या घेऊन निकाराग्वा, होंडुरास व डोमिनिकन प्रजासत्ताकांत गेले. निकाराग्वांतील एस्तेलीच्या काळ्या जमिनींत वाढलेलें कडक पान आज हॅव्हानाच्या पंक्तीस बसतें.

१९९२ मध्यें न्यू यॉर्कच्या मार्विन शँकेन यांनीं 'सिगार अफिशिओनाडो' हें नियतकालिक काढलें आणि मद्यासाठीं वापरली जाणारी शंभर गुणांची पद्धति चिरुटास लावली. पट्टे काढून, नुसता क्रमांक घालून परीक्षकांनीं चिरूट ओढावयाचा आणि बांधणी, जळणें, चव व एकंदर परिणाम पाहून गुण द्यावयाचे. पंचाण्णवच्या वर अभिजात, सत्तरच्या खालीं पैसे वायां. नांवाला भुलूं नये म्हणून योजलेली ही रीत प्रामाणिक होती. परंतु गिऱ्हाईक आंकडाच तेवढा वाचूं लागलें. नव्वदच्या वर गेलेला चिरूट दुकानांतून नाहींसा होई आणि मागणी पुरविण्यासाठीं अपुरें मुरलेलें पान वापरल्याच्या तक्रारीहि त्या दशकांत झाल्या.

ज्या गुणामुळें कडक चिरूट वाखाणला जातो तोच त्याचा दोषहि आहे. त्याचा धूर अल्कधर्मी असल्यानें तो छातींत न ओढतांहि निकोटिन तोंडांतून रक्तांत जातें. एका सिगारेटींत सुमारें ८ मिलिग्रॅम निकोटिन असतें, तर मोठ्या चिरुटांत १०० ते २०० असूं शकतें. तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशीं त्याचा संबंध अमेरिकन संशोधकांनीं १९९८ मध्यें सविस्तर मांडला. कोणत्याहि परीक्षकाच्या शंभर गुणांत या हिशेबाला रकाना नाहीं.

तसाच आणखी एक रकाना त्यांत नाहीं. शेंडा कधीं खुडावा हें जाणणारा शेतकरी, रास कधीं मोडावी हें हातानें ओळखणारा मजूर, लिगेरो मधोमध ठेवणारा आणि त्याच वेळीं कादंबरी ऐकणारा कारागीर, सकाळचा बिनसाखरेचा चहा पिणारा चाखणारा, या सर्वांनीं आपापला निकाल आधींच दिलेला असतो. छापलेला आंकडा हा त्या निकालांपैकीं सर्वांत शेवटचा. १७१७ च्या वखारदारानेंहि पानाची एक किंमत ठरविलीच होती. तिच्याविरुद्ध उठलेल्यांना ठाऊक होतें, कीं पानाची पारख आणि पानाची किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत.