कोऱ्या छातीची जर्सी

1917 च्या नाताळात, 25 डिसेंबरच्या दिवशी, इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहरात डीपडेल मैदानावर 10,000 माणसं जमली, ती कारखान्यातल्या मुलींचा फुटबॉल पाहायला. ‘डिक, कर आणि कंपनी’ एरवी ट्रामगाड्या बांधायची. महायुद्धात तिथे दारूगोळा तयार होऊ लागला, पुरुष आघाडीवर गेले आणि यंत्रांवर बायका आल्या. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या आवारात चेंडू लाथाडता लाथाडता त्यांचा संघ उभा राहिला. हा सामना त्यांनी 4-0 असा मारला आणि जखमी सैनिकांच्या मूर पार्क रुग्णालयासाठी 600 पौंडांहून जास्त गल्ला जमा झाला. अंगात काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची जर्सी, केस आवरायला तशाच पट्ट्यांची टोपी, छातीवर छोटासा युनियन जॅक. बाकी छाती कोरी.

तीन वर्षांनी, 1920 च्या नाताळच्या सुट्टीत, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर याच संघाला पाहायला 53,000 प्रेक्षक आले आणि 3,115 पौंड जमले. फुटबॉल आणि दानधर्म यांची सोयरीक अशी जुनी आहे. फरक इतकाच, की तेव्हा मदतीसाठी तिकीट विकलं जाई. जर्सी विकायची कल्पना कुणाच्या डोक्यातही नव्हती. आज त्या काळच्या जर्सीची हुबेहूब नक्कल विकूनही मदतनिधी उभारला जातो.

हुबेहूब म्हणणं सोपं, करणं अवघड. जुन्या जर्सी फारशा उरलेल्याच नाहीत. त्या क्लबच्या मालकीच्या असत, धुऊन धुऊन विटेपर्यंत वापरल्या जात आणि शेवटी चिंध्यांत जात. उरतात ते फोटो, आणि फोटो फसवतात. त्या काळच्या बऱ्याचशा काचेच्या प्लेटांना तांबडा रंग जवळपास दिसतच नसे, निळा मात्र चटकन टिपला जाई. त्यामुळे लाल जर्सी फोटोत काळीकुट्ट उमटते आणि आकाशी जर्सी पांढरी. मग जुनी वर्तमानपत्रं, क्लबच्या बैठकांची इतिवृत्तं आणि कापडवाल्यांची बिलं धुंडाळावी लागतात. 29 जुलै 1911 ला कोलकात्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असं हरवून आयएफए शील्ड जिंकणाऱ्या मोहन बागानचा प्रसिद्ध फोटोच घ्या. अकरा जणांत बूट फक्त सुधीर चटर्जींच्या पायात, हे त्या संघाबद्दल सगळ्यांना ठाऊक असतं. पण फोटोतला कोणता पट्टा हिरवा आणि कोणता मरून, हे नुसत्या फोटोवरून छातीठोकपणे कोण सांगणार?

रंग सापडला तरी चुकायला जागा पुष्कळ. पाठीवरचे नंबर इंग्लंडच्या लीगमध्ये पहिल्यांदा दिसले ते 25 ऑगस्ट 1928 ला, आर्सेनल आणि चेल्सीच्या सामन्यांत. सक्तीचे झाले 1939 मध्ये. तेव्हा 1914 च्या जर्सीवर कुणी हौसेने 9 आकडा छापला, तर ती नक्कल फसली. क्लबचं चिन्हसुद्धा अनेक संघ फक्त कप फायनलसारख्या मोठ्या दिवशीच लावत. कापड जाड, सुती. पावसात भिजलं की अंगावर ओझं होऊन बसायचं. 1990 साली इंग्लंडच्या ईशान्येकडच्या गेट्सहेडमध्ये ‘टॉफ्स’ नावाची कंपनी निघाली, ती नेमक्या अशाच जुन्या घाटाच्या सुती जर्सी शिवायला. चमकत्या पॉलिस्टरला कंटाळलेला एक गिऱ्हाईक वर्ग तोवर तयार झालेला होता.

कंटाळा कापडाचा होता तसाच जाहिरातींचाही. 1973 मध्ये जर्मनीत आइनट्राख्ट ब्राउनश्वाइगने येगरमाइस्टर या मद्याचं हरणाचं डोकं छातीवर मिरवलं. 1976 मध्ये इंग्लंडमधल्या छोट्या केटरिंग टाउनने गावातल्या टायर कंपनीचं नाव छापलं. फुटबॉल असोसिएशनने डोळे वटारल्यावर त्यांनी ‘टायर्स’मधलं फक्त पहिलं अक्षर ठेवलं आणि ते ‘टाउन’चं आहे असा साळसूद खुलासा केला. तीनच वर्षांत लिव्हरपूलच्या छातीवर हिताची आलं, आणि मग कोरी छाती ही चैन झाली. जुन्या जर्सीची खरी ओढ इथे आहे. तिच्यावर विकायला काही नसतं, म्हणूनच एखाद्या चांगल्या कामासाठी ती विकताना कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

एडिनबराच्या हार्ट्स क्लबइतकं हे कुणाला उमगलं नसेल. 1914 च्या हंगामात हार्ट्सने लागोपाठ आठ सामने जिंकून सुरुवात केली होती. नोव्हेंबरात सर जॉर्ज मॅक्रे यांनी पलटण उभारायला घेतली आणि क्लबचे खेळाडू तिच्यात भरती झाले, त्यांच्यामागोमाग शेकडो पाठीराखे. दिवसा कवायत, रात्री मैलोन्‌मैल पायपीट आणि शनिवारी सामना, असं करून थकलेला संघ शेवटी लीगमध्ये दुसरा आला. 1 जुलै 1916 ला, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, हॅरी वॉटी, डंकन करी आणि अर्नी एलिस मारले गेले. युद्ध संपेपर्यंत सात खेळाडू गेले होते.

शंभर वर्षांनी, 2014-15 च्या हंगामात, हार्ट्सने त्यांच्या स्मरणार्थ जुन्या वळणाची मरून जर्सी घातली, प्रायोजकाशिवाय. क्लब नुकताच दिवाळखोरीच्या दारातून परतला होता, खालच्या श्रेणीत घसरला होता. पैशाची निकड असताना छाती कोरी ठेवायला धाडस लागतं. त्या हंगामात 91 गुण मिळवून संघ वर चढला. पुढच्या वर्षी ती जागा भरली, पण कंपनीने नाही: नाव होतं ‘सेव्ह द चिल्ड्रन’चं, आणि क्लबला पैसे दिले ते पडद्याआड राहिलेल्या दानशूरांनी.

मदतीसाठी होणाऱ्या जर्सीच्या प्रत्येक विक्रीत एक प्रश्न गिऱ्हाइकाने विचारायलाच हवा: किमतीतले किती संस्थेला? ‘नफ्यातला काही भाग’ हे शब्द फार लवचिक असतात. अर्थात याच प्रश्नाआडून गळाही घोटता येतो. 5 डिसेंबर 1921 ला फुटबॉल असोसिएशनने बायकांच्या सामन्यांना आपल्या क्लबांची मैदानं बंद केली, तेव्हा एक सबब हीच होती, की गल्ल्यातला फार मोठा वाटा खर्चात जातो. ती बंदी जवळपास 50 वर्षं टिकली.

डब्लिनच्या बोहेमियन्स या सभासदांच्या मालकीच्या क्लबने आकडा आधीच सांगून टाकला. 6 जुलै 1980 ला त्यांच्या डेलिमाउंट मैदानावर बॉब मार्ली गायला होता. ती आठवण म्हणून 2019 च्या जर्सीवर त्याचा चेहरा छापायचं ठरलं, जगभरातून मागणी आली, आणि मार्लीच्या प्रतिमेचे हक्क असलेल्यांनी नकार दिला. चेहऱ्याच्या जागी वळलेली मूठ आली. लाल, पिवळा, हिरवा हे रंग तेवढे राहिले. पुढे रीतसर परवानगी मिळवून क्लबने मार्लीची जर्सी काढलीच. नफ्यातले 10 टक्के आयर्लंडच्या केंद्रांत आश्रय मागत थांबलेल्या माणसांसाठी वाद्यं आणि फुटबॉलचं सामान घ्यायला राखून ठेवले होते.