चिखल, फरशी, काँक्रीट : आपल्या पायवाटेची पंचवीस वर्षे



स्मरणिका समितीने "जुन्या आठवणी लिहा" म्हणून गळ घातली, तेव्हा गणेशोत्सव, कोजागिरी, टँकरच्या रांगा हे सगळं डोळ्यांसमोर आलं. पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी इमारतींभोवतीच्या पायवाटेवर लिहायचं ठरवलं. दोन्ही वेळच्या पाथवे उपसमितीत मी होतो, जुन्या इतिवृत्तांच्या प्रती माझ्याकडे आहेत, आणि त्या इतिवृत्तातली एक नोंद दुरुस्त करायची राहून गेली आहे. शिवाय येत्या वार्षिक सभेपुढे रौप्यमहोत्सवानिमित्त पायवाटेवर चकचकीत टाइल्स बसवण्याचा प्रस्ताव आहे. मत देण्याआधी नव्या सभासदांना हा इतिहास ठाऊक असावा.

चिखलाची दोन वर्षे

१९९९ साली आपण राहायला आलो तेव्हा तीन इमारती उभ्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये जे होतं त्याला रस्ता म्हणणं कठीण होतं. सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात पूर्वी शेती होती. कालव्याच्या पाण्यावर पिकणारी काळी माती. आपल्या आवारातली आंब्याची दोन झाडं त्या शेताच्या बांधावरचीच. बिल्डरने जाताना थोडा मुरूम आणि पुष्कळसा राडारोडा पसरून ठेवला होता. पहिल्याच पावसात मुरूम खाली गेला आणि काळी माती वर आली.

काळ्या मातीचा गुण शेतकऱ्याला चांगला माहीत असतो, आम्हाला तो चपला रुतल्यावर कळला. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पिकाला उत्तम, पण वर काही बांधायचं तर तिच्यासारखी वैरीण नाही. आम्ही विटा मांडल्या, सेंटरिंगच्या फळ्या टाकल्या. ऑफिसला जाणारी मंडळी बूट पिशवीत घेऊन गेटपर्यंत जात आणि तिथल्या नळावर पाय धूत. शाळेच्या मुलांना उचलून न्यायची तर पाळीच लावली होती.

शहाबादी फरशी

२००१ मध्ये वर्गणी काढून शहाबादी फरशी घातली. पुण्यातल्या वाड्यांची अंगणं, न्हाणीघरं, शाळांचे व्हरांडे सगळीकडे हीच फरशी असायची, त्यामुळे कोणाला दुसरं काही सुचलंही नाही. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादहून ती येते म्हणून हे नाव. जात चुनखडीची. त्याच भागातल्या चुनखडीवर सिमेंटचे कारखानेही चालतात. म्हणजे आधीची फरशी आणि नंतरचं काँक्रीट, दोन्हींचं गोत्र एकच म्हणायचं.

रविवारी सकाळी श्रमदान व्हायचं. पुरुष मंडळी मुरूम पसरायची, मुलं पाणी मारायची, ए विंगमधून चहा आणि सी विंगमधून पोहे यायचे. काम हौशी होतं आणि तसंच ते टिकलं. मुरुमाखालच्या काळ्या मातीला आम्ही हात लावलाच नव्हता. दोन पावसाळ्यांत फरश्या डुगडुगू लागल्या. कोपऱ्यावर पाय पडला की खालचं गढूळ पाणी पिचकारीसारखं थेट पँटवर. कुठली फरशी उडते हे मुलांना पाठ होतं आणि पाहुण्यांना ती मुद्दाम त्याच वाटेने आणत.

२००६ : काँक्रीट

अखेर २००६ च्या वार्षिक सभेत काँक्रीटचा ठराव झाला. आमच्या पिढीला सिमेंटचं अप्रूप होतं. एके काळी ते परमिटवर मिळायचं. घर बांधणारा माणूस चार पोत्यांसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवायचा. १९८२ मध्ये नियंत्रण अर्धवट उठलं आणि १९८९ मध्ये पुरतं. त्यामुळे आपल्या गेटमधून ट्रक भरून पोती आत येताना पाहून आम्ही काही जण उगाचच हरखलो होतो.

काम साधारण सहाशे फूट लांब, पाच फूट रुंद, चार इंच जाड. म्हणजे दहा ब्रास काँक्रीट. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी या मापाने पावणेदोनशे पोती लागली. अठ्ठेचाळीस सभासदांनी प्रत्येकी ४,००० रुपये दिले. मी बँकेतला माणूस, म्हणून हिशेब माझ्याकडे आले आणि त्याबरोबर निमंत्रकपदही.

मिस्त्री विजापूरकडचे होते. कमी बोलायचे, पण बोलले की कामाचं. त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली : काळी माती दीड-दोन फूट, मुरूम लागेपर्यंत काढा, मग दगडांचं सोलिंग करून वर काँक्रीट ओता. दुसरी : आंब्याच्या बुंध्याभोवती जागा सोडा. तिसरी : वरचा थर गुळगुळीत घोटू नका. "साहेब, ओलं असतानाच झाडू मारून देतो. खरखरीत दिसेल, पण पाय धरून ठेवील."

मी तिन्ही गोष्टी ऐकल्या आणि एकही पुरती मानली नाही. पुढच्या बाजूला माती काढली, पण बी आणि सी विंगच्या मागे खणायचं वाचवलं. त्यात अठरा हजार रुपये वाचले आणि सभेत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. आंब्याभोवती पानांचा कचरा साचतो म्हणून काँक्रीट थेट बुंध्याला नेऊन भिडवलं. आणि झाडू मारायची गोष्ट निघाली तेव्हा मी म्हणालो, "मिस्त्री, हा गोठा नाही, सोसायटी आहे." त्यांनी काही उत्तर दिलं नाही. वर कोरडं सिमेंट भुरभुरून थापीने आरशासारखं घोटून दिलं. गोठ्याची जमीन खरखरीत का ठेवतात, याचा विचार मी तेव्हा केला नाही. जनावराचा पाय घसरू नये म्हणून ठेवतात.

दिवाळीत त्या पायवाटेवर रांगोळ्या घातल्या. शेजारच्या सोसायटीतले लोक बघायला आले होते.

इतिवृत्तात नसलेली गोष्ट

पहिल्या उन्हाळ्यातच मागच्या बाजूला तडे गेले. खालची माती आक्रसली, काँक्रीट अधांतरी राहिलं आणि मोडलं. सांधेही आम्ही फार लांब लांब ठेवले होते, त्यामुळे तडा मनाला येईल तसा फिरला. बी विंगच्या मागे ऊन पोचत नाही. तिथे उताराचा पत्ता नव्हता, पाणी साचायचं आणि श्रावणापर्यंत त्या गुळगुळीत सिमेंटवर हिरवं शेवाळ धरायचं.

२००८ च्या ऑगस्टमध्ये बी विंगमधल्या आजी तिथे पडल्या. जुन्या सभासदांना त्या आठवत असतील. रोज संध्याकाळी देवाला फुलं आणायच्या निमित्ताने त्या आवाराला तीन फेऱ्या मारायच्या आणि वाटेत प्रत्येकाची चौकशी करायच्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण त्या पुन्हा खाली उतरल्या नाहीत. पुढची दोन वर्षं गॅलरीतल्या खुर्चीत बसून त्या पायवाटेकडे बघत असायच्या. २०१० मध्ये त्या गेल्या.

त्या महिन्याच्या कमिटीच्या इतिवृत्तात नोंद आहे : "पावसाळ्यात ज्येष्ठ सभासदांनी आवारात जपून चालावे." हे वाक्य माझं आहे. अक्षरही माझं आहे.

ते वाचलं की असं वाटतं, चूक चालणाऱ्याची होती. तशी ती नव्हती. घोटलेलं सिमेंट, न दिलेला उतार, आणि मिस्त्रींचं न ऐकलेलं म्हणणं, या तीन गोष्टींनी आजींना पाडलं, आणि या तिन्हींचा निर्णय माझा होता. मी त्यांना भेटायला गेलो होतो तेव्हा हेच सांगायचं म्हणून गेलो होतो. त्यांनीच आधी म्हटलं, "पाय माझाच घसरला हो भाऊ, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता." मी चहा पिऊन परत आलो. बोललो नाही. ते आज या स्मरणिकेत लिहितो आहे. इतिवृत्तातली ती नोंद या लेखापुरती तरी दुरुस्त झाली असं समजावं.

पुन्हा खणलं

दोन आंब्यांपैकी सी विंगजवळचा २०११ मध्ये वाळला. झाडाची अन्न-पाणी घेणारी मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात. त्यांना हवाही लागते. आम्ही त्यांच्यावर झाकण बसवलं होतं. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट एक मीटरपर्यंत काढायला सांगितल्याची बातमी आली. कमिटीत कोणीतरी ते कात्रण माझ्यापुढे सरकवलं. मिस्त्रींनी हेच सात वर्षं आधी फुकट सांगितलं होतं.

त्याच वर्षी आपण दुसऱ्यांदा काम काढलं. या वेळी मी आधी त्याच मिस्त्रींना शोधून काढलं. ते थकले होते, काम त्यांचा मुलगा बघत होता, पण ते खुर्ची टाकून बसायला आले. मागची सगळी काळी माती उचलली. सोलिंग, त्यावर मुरूम, पाणी मारून धुम्मस केलं. नदीची वाळू मिळेनाशी झाली होती, म्हणून क्रश सँड वापरली. पाच-पाच फुटांचे चौकोन पाडले आणि एक सोडून एक भरले, म्हणजे तडा गेलाच तर तो सांध्यातच जावा. इमारतीपासून बाहेरच्या बाजूला पाच फुटांत सव्वा इंच उतार ठेवला. डोळ्याला दिसत नाही, पाण्याला बरोबर कळतो. आंब्याभोवती गोल जागा मोकळी सोडली. आणि वरचा थर थोडा आवळल्यावर आडव्या दिशेने झाडू मारला.

मजूर मिक्सरमध्ये जादा पाणी ओतायला गेला की म्हातारे मिस्त्री खुर्चीतूनच ओरडायचे. पाणी वाढवलं की काम सोपं होतं आणि काँक्रीट कच्चं राहतं. पन्नास किलोच्या पोत्याला साधारण पंचवीस लिटर, असं ते आम्हाला मोजून दाखवायचे. त्यानंतर दहा दिवस गोणपाट टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. त्याची पाळी प्रत्येक मजल्याला दिली होती. एका रात्री बोका त्यावरून फिरून गेला. त्याची पावलं ए विंगच्या वळणावर आजही आहेत.

रॅम्पची सभा

२०१३ च्या सभेतला खरा वाद रॅम्पवरून झाला. प्रत्येक विंगला दोन पायऱ्या, मिळून एक फूट उंची. एकास बाराच्या प्रमाणाने रॅम्प करायचा तर बारा फूट लांबी लागते, म्हणजे तीन दुचाक्यांची जागा जाते. "तो लागतो कुणाला?" असा प्रश्न आला. आपल्याकडे तेव्हा व्हीलचेअर एकही नव्हती.

आजींच्या सूनबाई उठल्या. त्या सभेत सहसा बोलत नसत. त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडे होती. दोन वर्षं. ती खाली आणता आली नाही, म्हणून तुम्हाला दिसली नाही." थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग दुचाकीवाल्या तिघांपैकी एकाने स्वतःच आपली जागा बदलून मागितली. ठराव एकमताने झाला. या कामाला प्रत्येकी ७,५०० रुपये आले आणि वर्गणी पहिल्या महिन्यातच पूर्ण जमली.

त्या रॅम्पवरून आज काय काय जातं ते मोजून बघा. गॅसचं सिलिंडर, बाळाची गाडी, पाण्याचे जार, परदेशातून आलेल्या मुलांच्या ट्रॉली बॅगा, गणपतीची मूर्ती. आणि व्हीलचेअर आता तीन आहेत.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात भयंकर पाऊस झाला, आंबिल ओढ्याकाठी हाहाकार उडाला. ओढा आपल्यापासून लांब, पण पाणी आपल्याकडेही कमी कोसळलं नाही. त्या रात्री मी टॉर्च घेऊन बी विंगच्या मागे उभा होतो. पाणी सव्वा इंचाच्या उताराने गटारीकडे जात होतं. २०२० च्या टाळेबंदीत तर हे सहाशे फूट म्हणजेच आपलं जग होतं. विंगवार वेळा ठरल्या होत्या, आणि ज्यांनी जन्मात व्यायाम केला नाही तेही फेऱ्या मोजत होते.

आता

सौंदर्य मलाही आवडतं. टाइल्सचा नमुना मी पाहिला, दिसायला छानच आहे. माझी विनंती इतकीच आहे. सभेच्या दिवशी नमुन्याच्या चार टाइल्स हॉलबाहेर मांडा. त्यावर बादलीभर पाणी ओता. मग रबरी चप्पल घालून त्यावर चालून बघा, आणि शक्य असेल तर आपल्या घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला हात धरून चालवा. त्यानंतर मत द्या. त्या टाइलने पाय धरून ठेवला, तर माझं मतही तुमच्याबरोबर.

आणि उरलेल्या आंब्याभोवतीचा गोल मात्र तसाच ठेवा. यंदा त्याला चांगला मोहोर आला होता.