गोंदिया जिल्ह्यातील तलाव व मत्स्यरक्षण

महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला असलेल्या गोंदिया जिल्ह्यात (स्थापना १ मे १९९९; तत्पूर्वी भंडारा जिल्ह्याचा भाग) गावतलावांतील मासळीचे रक्षण व संवर्धन करण्यासाठी मुख्यतः ढीवर समाजाने स्वयंस्फूर्तीने केलेले प्रयत्न. हौशी गळकऱ्यांनी संघटित होऊन नद्यांचे रक्षण केल्याची उदाहरणे अन्यत्र आढळतात. इंग्‍लंडमध्ये १९४८ मध्ये स्थापन झालेल्या गळकऱ्यांच्या सहकारी संघटनेने नद्या दूषित करणाऱ्यांविरुद्ध न्यायालयीन लढे दिले. डर्बी येथील गळकरी मंडळाच्या दाव्यात कृत्रिम रेशमाचा कारखाना व नगरपालिका यांच्याविरुद्धचा मनाई हुकूम अपील न्यायालयाने १९५२ मध्ये कायम केला. गोंदियातील कार्याचे स्वरूप मात्र वेगळे आहे. येथे मासेमारी हा छंद नसून उपजीविका आहे आणि रक्षणकर्ता स्वतःच त्या मासळीवर जगणारा आहे.

तलावांची परंपरा : वैनगंगा व तिच्या बाघ, चुलबंद, गाढवी इ. उपनद्यांच्या खोऱ्यांत पाऊस पुष्कळ पडतो. पण तो चार महिन्यांत संपतो. भाताच्या पिकाला शेवटचे पाणी देण्यासाठी उताराच्या तोंडाशी मातीची पाळ घालून पाणी अडविण्याची पद्धत येथे गोंड राजवटीत रूढ झाली. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना कोहळी लोकांना या भागात आणले, अशी आख्यायिका आहे. तलाव बांधणाऱ्यास त्याखालील जमीन देण्याच्या प्रथेमुळे कोहळ्यांनी वैनगंगेच्या खोऱ्यात असंख्य तलाव व बोड्या बांधल्या. यांपैकी नवेगावबांध हा सर्वांत प्रसिद्ध असून तो कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी बांधला, असे मानतात.

ब्रिटिश अंमलात मालगुजारी पद्धतीमुळे तलावांची व्यवस्था मालगुजाराकडे आली. पाळीची दुरुस्ती, तुडुमाची उघडझाप व पाण्याची वाटणी या गोष्टी गावाच्या रिवाजाने चालत. ढीवर मासे धरीत, शिंगाडा लावीत व कमळकंद काढीत. त्याबद्दल मालगुजारास मोबदला किंवा मासळीचा वाटा द्यावा लागे. ही व्यवस्था समतेची नव्हती. तथापि तलाव राखणे तीत सर्वांच्याच हिताचे होते.

सत्तांतर व मक्तेदारी : मालकी हक्कांच्या निर्मूलनाचा मध्य प्रदेश अधिनियम, १९५० हा ३१ मार्च १९५१ पासून अंमलात आला व हे तलाव शासनाकडे गेले. त्या वेळी भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. पूर्व विदर्भातील अशा सु. ७,००० तलावांना आज ‘माजी मालगुजारी’ किंवा संक्षेपाने ‘मामा’ तलाव म्हणतात. सिंचनाचा हक्क शेतकऱ्यांकडे, मासेमारीचा ठेका ढीवरांच्या सहकारी संस्थांकडे आणि देखभालीची जबाबदारी शासकीय विभागांकडे, अशी विभागणी झाली. पाळीची निगा व गाळकाढणी यांना कोणी धनी उरला नाही. शेतीसाठी पाणी सोडताना तलावात मासळीपुरते किती ठेवावे, हाही शेतकरी व ढीवर यांच्यातील वादाचा विषय ठरला.

मासळीचा ऱ्हास : हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी प्रवृत्त प्रजननाचा प्रयोग यशस्वी केल्यावर रोहू, कटला व मृगळ यांचे बीज मोठ्या प्रमाणावर उपलब्ध होऊ लागले. हे मासे वाहत्या पाण्यात अंडी घालतात. बांधलेल्या तलावात ते सहसा प्रजनन करीत नाहीत. त्यामुळे संस्थांना दरवर्षी बीज विकत घ्यावे लागते व तलाव बीजाच्या बाजारावर अवलंबून राहतो. पुढे आलेल्या विदेशी जातींनी नवी हानी केली. गवत्या मासा पाणवनस्पती फस्त करतो, तर सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो. मरळ, मागूर, शिंगी, शिवडा, वाम इ. स्थानिक मासे पाणवनस्पतींच्या आश्रयाने वाढतात. ते विरळ होत गेले. भातशेतीतील खते व कीटकनाशके, काठावर पसरलेली बेशरम ही विदेशी वनस्पती आणि पावसाच्या आरंभी चढणीच्या गाभोळीयुक्त माशांची धरपकड यांमुळे हा ऱ्हास वाढला. पाण्यात विष घालणे वा स्फोटके वापरणे हे कायद्यानुसार गुन्हा आहे. परंतु आडगावच्या बोडीवर पहारा गावकऱ्यांनाच ठेवावा लागतो.

पुनरुज्जीवनाचे कार्य : भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने ढीवरांच्या पारंपरिक ज्ञानाची नोंद करून तलाव सुधारण्याची पद्धत विकसित केली. अर्जुनी मोरगाव येथील नवतलावावर ढीवरांच्या सहकारी संस्थेसह झालेले काम तिचा आरंभीचा नमुना होय. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आडोशाने अंडी घालतो, कोणता तिच्यावर उपजीविका करतो, हे वयस्क ढीवरांना ठाऊक होते. त्याच माहितीवर कामाचा क्रम ठरला. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर बेशरम मुळासकट उपटावयाची, काठाची कठीण झालेली जमीन नांगरून मोकळी करावयाची आणि पावसाळ्याच्या तोंडावर चांगल्या तलावांतून आणलेल्या स्थानिक पाणवनस्पती तेथे लावावयाच्या. विदेशी बीज सोडावयाचे नाही व लावणीच्या भागात काही काळ जाळे टाकावयाचे नाही, असे नियम संस्थांनी स्वतःवर घालून घेतले. पुढे या कामात ढीवर स्त्रियांचे बचत गट मोठ्या संख्येने सहभागी झाले. मासे विकण्याचे काम पूर्वीपासून स्त्रियांकडे असले, तरी तलावाविषयीच्या निर्णयांत त्यांना स्थान नव्हते. त्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे.

मूल्यमापन : या प्रयत्नांनी स्थानिक मासे व पाणपक्षी यांचा अधिवास पुन्हा निर्माण करता येतो, हे दाखवून दिले. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही शासकीय योजना २०१७ मध्ये सुरू झाली. गाळ काढल्याने साठवण वाढते. परंतु यंत्राने सर्वत्र सारखी खोली केल्यास उथळ काठ नाहीसा होतो, आणि मासळीची पैदास त्या काठावरच होते. दुसरा प्रश्न हक्काचा आहे. ठेका मुदतीचा असल्यामुळे आज केलेल्या श्रमाचे फळ उद्या त्याच हातांना मिळेल, याची शाश्वती नसते. वनहक्क अधिनियम, २००६ ने वनक्षेत्रातील जलाशयांतील मासळीवर सामूहिक हक्क मान्य केला आहे. वनाबाहेरील तलावांच्या बाबतीत असा आधार नाही. तलाव राखणाऱ्यास तलावाखालची जमीन देण्याचा गोंडकालीन रिवाज याच प्रश्नाचे एक उत्तर होता. त्याच्या जागी ढीवरांस दीर्घ मुदतीचा हक्क मिळणे, हे या कार्याच्या भवितव्याच्या दृष्टीने निर्णायक ठरेल.