हवेतून जाणारा निरोप कोण ऐकतो?

मागच्या नोंदीखाली एकानं विचारलं होतं, "भाऊ, वावरातला ओलीचा सेन्सर उन्हाळ्यात वायफायवर बरा चालते, पोळ्याच्या सुमारास तुटते. काहून?" पऱ्हाटी छातीएवढी झाली की तिच्या पानांतलं पाणी 2.4 गिगाहर्ट्झची लहर शोषून घेते, म्हणून. अँटेना पिकाच्या वर काढा. पण ही लहर मोजायची अवजारं कुठून आली आणि त्या लहरीवरचा आपला निरोप कोणाकोणाला वाचता येतो, हा इतिहास बाभुळगावात बसूनही समजून घेण्यासारखा आहे.

आधी एक शब्द. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे नुसतं फुकट नाही. हायब्रीड बियाणं दरसाल दुकानातून आणावं लागतं. सरळ वाणाचं घरी राखता येतं, शेजाऱ्याला देता येतं, निवड करून सुधारता येतं. मुक्त सॉफ्टवेअर हे सरळ वाण. त्याची आतली लिहावट उघडी असते, कोणीही तपासावी.

1998 साली दोन गोष्टी झाल्या, एकमेकींना न ओळखता. कोल्हापूर-सांगलीच्या वारणा पट्ट्यात सुमारे 70 गावं संगणकानं साखर कारखान्याशी जोडायचा प्रकल्प सुरू झाला. उसाची नोंद, वजन, खत, बिल, सगळं गावातल्या केंद्रावर दिसावं म्हणून. आणि तिकडे अमेरिकेत कॅन्सस सिटीला जेराल्ड कॉम्ब्स नावाच्या माणसानं इथरियल हे अवजार लोकांसाठी खुलं केलं. तारेतून किंवा हवेतून जाणारा डेटा पुड्या-पुड्यांनी उघडून दाखवणारं. तसं विकतचं अवजार फार महाग होतं, म्हणून त्यानं स्वतःच लिहिलं. 2006 मध्ये त्यानं नोकरी बदलली, नावाचा हक्क जुन्या मालकाकडे राहिला, तेव्हा त्याचं वायरशार्क झालं. फक्त हवेतल्या लहरींवर कान ठेवणारं किस्मेट नावाचं आणखी एक आहे. नाव आपल्या किस्मतचंच.

वारणेत पुढं काय झालं ते कृषी अधिकाऱ्यांनी जरूर वाचावं. काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी पाहिलं की केंद्रावरचा संगणक जवळजवळ फक्त उसाच्या माहितीसाठीच वापरला जातो. मग त्यांनी काही गावांत संगणक काढून साध्या मोबाइलवर एसएमएसनं तेच काम करून दाखवलं. स्वस्तात झालं. पण एसएमएस म्हणजे उघडं पोस्टकार्ड. मधला मोबाइल कंपनीवाला वाचू शकतो. उसाच्या वजनाला ते चाललं. बँकेचा ओटीपी मात्र आजही त्याच पोस्टकार्डावर येतो.

हवा सगळ्यांना मोकळी झाली ती 2005 मध्ये. त्या वर्षी सरकारनं 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरही विनापरवाना केला, आणि 865 ते 867 मेगाहर्ट्झचाही. दुसरा पट्टा आपल्या कामाचा. वावरातले लोरा सेन्सर त्यावरच बोलतात. वेग अगदी कमी, पण अंतर कितीतरी जास्त.

राउटरची गोष्ट त्याच्या थोडी आधीची. 2003 मध्ये लिंक्सिस कंपनीच्या निळ्या राउटरमध्ये लिनक्स आहे हे लोकांच्या ध्यानात आलं. लिनक्सच्या परवान्याप्रमाणे लिहावट खुली करणं भाग होतं, कंपनीनं ती केली, आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. त्याचा धागा थेट आपल्या राज्यात येतो. आयआयटी मुंबईत प्रा. अभय करंदीकरांच्या गटानं मोजलं की टीव्हीच्या 470 ते 590 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या 15 वाहिन्यांपैकी किमान 12 देशात जवळपास सगळीकडे रिकाम्या आहेत. ही लहर झाडीतून वायफायपेक्षा बरी जाते. मग पालघर जिल्ह्यात खामलोली आणि भोवतालच्या गावांत, डोंगर-झाडीत, चाचणीच्या परवान्यावर त्यांनी तिच्यावरून इंटरनेट नेलं. त्यासाठी ओपनडब्ल्यूआरटीवर चालणारं यंत्र बनवलं. कुठं कोणती वाहिनी रिकामी हे सांगणारं ओपनपॉज हे सॉफ्टवेअरही लिहिलं आणि खुलं केलं. 2017 मध्ये या ग्राममार्ग प्रकल्पाला मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, 1,25,000 डॉलर. मला त्यातलं सगळ्यात पटलं ते हे की जाळ्यात ग्रामपंचायत भागीदार धरली होती, नुसती गिऱ्हाईक नाही.

आता कुलपाकडे येऊ. 2010 च्या ऑक्टोबरात एरिक बटलर यानं फायरशीप नावाचं छोटं अवजार सोडलं. बिनपासवर्डच्या वायफायवर बसलेल्या दुसऱ्याच्या फेसबुक खात्यात त्यातून एका क्लिकवर शिरता यायचं. गहजब झाला, पण एक-दोन वर्षांत मोठमोठ्या संकेतस्थळांनी कायमचं कुलूप लावायला सुरुवात केली. त्याच वर्षी टेक्स्टसिक्युअर आलं. तेच पुढं सिग्नल झालं. पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच निरोप वाचता येऊ नये अशी त्याची रचना, आणि लिहावट उघडी. एप्रिल 2016 मध्ये हेच कुलूप व्हॉट्सॲपनं सगळ्या निरोपांना लावलं. कुलूप मुक्त, घर मात्र कंपनीचं: तुम्ही कोणाशी कधी बोललात हे तिला कळतंच. आणि बापा, कापसाच्या भावाच्या अडीचशे जणांच्या ग्रुपात व्यापाऱ्याचा माणूस बसला असेल तर कोणतं कुलूप काय करणार?

इंटरनेट नसतानाही ब्लूटूथ-वायफायवरून निरोप नेणारं ब्रायर 2018 मध्ये आलं. 2023 मध्ये केंद्र सरकारनं दहशतवादी वापरतात असं कारण देऊन 14 ॲप बंद केली, त्यात ब्रायर आणि एलिमेंट ही मुक्त सॉफ्टवेअरचीही होती. ज्यावर पूर-पावसात टॉवर पडल्यावर विसंबता आलं असतं, तेच गेलं. माझ्या मते हा निर्णय रोगी झाडाबरोबर अख्खं वावर नांगरण्यासारखा होता.

करून पाहायचं असेल तर एफ-ड्रॉइडवरून वायफायॲनालायझर घ्या आणि आपल्याच राउटरपासून धुऱ्यापर्यंत चालत जा. उणे 50 च्या आसपास आकडा म्हणजे झकास, उणे 80 च्या खाली गेला की सेन्सर तुटणार. शेजाऱ्याचं राउटर तुमच्याच चॅनेलवर दिसलं तर 1, 6, 11 पैकी मोकळं निवडा. वायरशार्क फक्त स्वतःच्या जाळ्यावर. दुसऱ्याच्या जाळ्यात न विचारता शिरणं 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात बसतं. आकडे पेरणीआधी एकदा आणि पातं लागल्यावर एकदा घ्या, अँटेनाची उंचीही लिहा, आणि इथं खाली टाका.